राजेसाहेबांची बहीण

प्रिय बाबा,

तुम्हाला जाऊन सोळा दिवस झाले. रडून झालं. आता भांडायचंय, म्हणून लिहायला बसले.

तेराव्याला माणसं जेवून गेल्यावर एक म्हातारी आपल्या सुकापूरच्या फ्लॅटच्या दारात आली. तुमच्या फोटोसमोर उभी राहिली नि म्हणाली, "पांडू, मला न सांगता गेलास रं?"

मी म्हटलं, "आजी, घर चुकलं तुमचं. हे राजेसाहेब. चित्रकार, लेखक. संस्थानिकांचे चिरंजीव."

"कसला राजा, बाय? आमी उरनची मिठागरावरची मानसं. यो माजा धाकला भाव हाय."

मला वाटलं, फ्लॅटवर डोळा ठेवून आली असणार. सरळ विचारलं, "पुरावा आहे काही?" तेवढ्यात आई पाणी घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "बसा, वन्सं."

वन्सं! म्हणजे आईला ठाऊक होतं! कधीपासून? तर म्हणे लग्नानंतर वर्षभराने कळलं. मला का नाही सांगितलं? "तू चारचौघांत बोलली असतीस." तुम्ही दोघांनी मिळून आणखी काय काय लपवलंत, बाबा?

मग मला ते प्रदर्शन आठवलं. मी नऊ वर्षांची असेन. सुकटीची पुडी घेऊन एक बाई हॉलमध्ये आली होती. पाहुण्यांना तुम्ही सांगितलंत, "आमच्या राजवाड्यावर कामाला होती." तिने मान खाली घातली. म्हणाली, "व्हय, मालक."

ती हीच ना? मी आत्याला विचारलं.

"मीच ती. त्याची अब्रू जाया नको म्हून बोलले," एवढंच म्हणाली. राग नाही, काही नाही. तुम्हाला त्या दिवशी जेवण गेलं कसं?

दिवाणखान्यातल्या, तुम्ही काढलेल्या राजमातेच्या चित्रापुढे मात्र ती ओक्साबोक्शी रडली. "माजी आय हाय ही. दागिनं तेवढं पांडूनं घातलं." निदान स्वतःच्या आईला तरी टाकलं नाहीत! की फुकटची मॉडेल म्हणून? बघा, आता असेच प्रश्न पडतात मला.

तुमच्या आत्मचरित्रातली हत्तीवरची मिरवणूक खोटी, सावत्र आईने घातलेलं विष खोटं. माझं पहिलं चित्र पाहून तुमचे डोळे भरले होते, ते तरी खरं होतं का? मिठागरावरच्या पोराची चित्रं लोकांनी घेतली नसती, असं वाटलं तुम्हाला? मला तरी विश्वासात घ्यायचंत!

रविवारी मी आत्याकडे उरणला जाणार आहे. तिचं सगळं मला पटलंय असं नाही. तीही तुमचीच बहीण! पण जाईन. तिथे कुणी विचारलं, "तू कुनाची, बाय?" तर सांगेन, पांडूची. राजेसाहेबांची म्हणणार नाही. वचन देते.

तुमच्यावर रुसलेली,
मीनू