कीर्तीच्या लग्नाची डीव्हीडी

११ जानेवारी

पुन्हा तेच! मी संध्याकाळी स्टुडिओतून घरी पाय ठेवला की सासूबाई कीर्तीच्या लग्नाची डीव्हीडी लावतात. मुद्दाम, मी आल्यावरच. कीर्ती म्हणजे अमितची पहिली बायको. ती कावीळ होऊन गेली, माझ्या लग्नालाही आता दहा वर्षं होतील, तरी या घरात पाहुणी मीच. अमित ती कधी बघत नाही. उठून बाहेर जातो. त्याचाही मला रागच येतो.

आज डिस्क हळदीतच अडकली. अमित म्हणाला, "तुझ्या स्टुडिओत नवी काढून आण ना." आईंनी कपाटातल्या लग्नाच्या टेपा पुसून माझ्या पिशवीत घातल्या. "तिचा तोंड नीट येऊ दे गो."

बरं आई!

१५ जानेवारी

टेपा कॉम्प्युटरवर घेतल्या. मांडवातला पिवळा उजेड, धूर, उडणाऱ्या पाकळ्या — असलं चित्र डीव्हीडीवर उतरवताना हमखास फुटतं. ते न फुटता उतरवणं हेच तर माझं काम! आधी चित्रातले दाणे साफ करायचे. एका डिस्कवर दीड तासाहून जास्त भरायचं नाही. कॉम्प्युटरला दोन फेऱ्या मारू द्यायच्या — पहिलीत धावपळ कुठे आहे ते तो बघतो, दुसरीत तिथे जास्त जागा देतो.

यातलं काहीही केलं नाही. अख्खं लग्न एका डिस्कवर कोंबलं, एका फेरीत. स्टुडिओचे मालक मुकेशशेठ मागे येऊन उभे. "अरे सुषमा, इतना ठूसेगी तो फटेगा ना! कस्टमर गाली देगा." म्हटलं, घरचंच आहे शेठ. "घर का है तो और अच्छा बना!"

कीर्ती मस्त फुटली. मान वळवली की गालांचे चौकोन. डोळ्यांच्या जागी दोन मळके ठिपके. इतकं मन लावून वाईट काम मी आजवर केलं नव्हतं.

१६ जानेवारी

लावली. आईंनी चष्मा पदराला पुसला, पुन्हा पुसला. "मना तिचा तोंडच दिसत नाय गो. निसते चौकोन दिसतान."

"वय झालं आई. डोळे गेले तुमचे." पटकन सुचलं! चष्मा चढवून त्या टीव्हीजवळ सरकल्या. मला इतकं बरं वाटलं की रात्री शिरा केला.

२ फेब्रुवारी

रोज लावतात. रोज टीव्हीच्या थोडं आणखी जवळ सरकतात.

९ फेब्रुवारी

अमितने त्यांना बदलापुरात डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं. मीही गेले होते. काचबिंदू! खरोखरच! कडेचं सगळं गेलंय, समोरचं तेवढं दिसतं, तेही फार टिकणार नाही. गेलेली नजर परत येत नाही म्हणे. "आधी का नाही आणलंत?" डॉक्टर ओरडले. रिक्षात आई म्हणाल्या, "तवर तिला बगून घेते."

१० फेब्रुवारी

टेपांवरून घेतलेली स्वच्छ फाइल स्टुडिओत तशीच पडून आहे. एका दुपारचं काम.

केलं नाही. उरलेली नजर माझ्याकडे बघायला वापरा की जरा!

२१ एप्रिल

आज त्यांना ताटातली भाकरी सापडेना. मी हातात दिली. म्हणजे, थोडा वेळ बघत बसले, मग दिली.

३० एप्रिल

आता उजेड-अंधार तेवढा कळतो. आज स्टुडिओत सगळं नव्याने केलं. दाणे साफ, दोन फेऱ्या, लग्न तीन डिस्कवर. आता काय बिघडतंय? उद्या कोण्या पाहुण्याने लावली तर माझ्या कामाला नाव नको. मुकेशशेठ बघून म्हणाले, "क्या बात है, काच जैसा!"

कीर्तीच्या भुवईजवळ तीळ होता. इतके दिवस मला माहीत नव्हतं. माझ्याहून देखणी होती. असू दे. मेली.

२ मे

नवी डिस्क लावून मी उठत होते. आईंनी चाचपडत माझं मनगट धरलं.

"चौकोन गेले ना गो?"

"गेले."

"मना म्हाईत व्हता. टीव्हीवरच्या शिरेलीतल्या बाया साफ दिसायच्या मना, हीच तेवरी फुटायची. म्हटला, आज आनशील, उद्या आनशील."

मी हात सोडवायला गेले. मनगट त्यांनी सोडलं नाही.

"आता रोज हितंच बस. तू बग नि मना सांग. अमित कोनाकडं बगतं?"

"तिच्याकडे," मी म्हणाले.

"कसा बगतं, ते सांग."