शेप्याच्या दोन कोया

सेक्टर ६, रविवार, जुलै १९६१

सडकेसाठी आमचा शेप्या आंबा उद्या तुटणार. हिला सांगितलं, तर म्हणाली, "जीव कावून जाळून राहिले? त्याच्याच कोयांची दोन रोपं अंगणात हायेत ना!"

तेच तर खटकतं. दोन्हींची पानं चुरगळून तिच्या नाकाशी धरली. एकाला कैरीचा वास, दुसऱ्याला रॉकेलसारखा. शेप्याचा तो शेपूचा वास एकालाही नाही. एकाच झाडाच्या कोया, पण आईवर कुणीच गेलं नाही. माझं चुकतंय का? छे! शेप्या हवा तर त्याचीच काडी यातल्या एका रोपावर कलम करून बांधायला हवी. पहाटेच तोडून आणतो. जगणारच.

हिनं पान पुन्हा हुंगलं. मग जुन्या लुगड्याची पट्टी फाडून दिली. "घ्या, बांधाले लागन."