उत्तराची हंडी

बोरीवली, २० जुलै २०२५

ती. जयूताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून पत्र. बँकेतून रिटायर झाल्यावर टाइमपास म्हणून मातीकामाचा क्लास लावला, तर आता वेडच लागलंय गं! पोळ्यांची कणीक मळतानाही बोटं मडकी घडवायला लागतात. आमच्या ह्यांनी त्याला ‘चिखलकाला’ नाव ठेवलंय.

सोसायटीच्या रिकाम्या मीटररूममध्ये मी चाक मांडलंय. पण सेक्रेटरी सुबोध म्हणतात, मातीनं गटार तुंबतं, चाक हलवा. घरात जागा नाही, म्हणजे सगळं बंदच. भांडून भांडून एवढं ठरलं, की मुलांच्या दहीहंडीची हंडी मी करायची. ती नीट झाली तर चाक राहील. आजवर माझं प्रत्येक मडकं भट्टीत तडकलंय. आता हंडीची माती हातात घ्यायचंही धाडस होत नाही.

लोभ आहेच, थोडी काळजीही कर.

तुझी उत्तरा

मुलुंड, २७ जुलै २०२५

चि. उत्तरास अनेक आशीर्वाद.

बावळट कुठली! घाबरतेस काय? दह्याच्या वजनानं दोरीवरून खाली आली तर नाक कापलं जाईल, म्हणून चांगली जाड कर आणि कडक भाज. मधुकररावांना सांग, नावं ठेवणाऱ्यांना काला मिळणार नाही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी जयूताई

बोरीवली, १७ ऑगस्ट २०२५

ती. जयूताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं आणि वाट लागली! कपबश्या करतात ती पक्की माती घेतली, जाड हंडी केली, क्लासच्या भट्टीत चढ्या आचेवर भाजली. एकही तडा नाही! मी तिथंच रडले. हंडी फोडायची असते, हे दोघींच्याही डोक्यात आलं नाही.

काल सुबोधांची नात नेत्रा थरावर चढली, नारळ हाणला. टण्ण! परत हाणला. शेवटी नारळ फुटला, हंडी नाही. मी तोंड लपवायला जागा शोधत होते. तेवढ्यात हे खालून ओरडले, “माझ्या बायकोनं केलीय, अशीतशी फुटायची नाही!” मग काय, शिट्ट्या, टाळ्या, नुसता दंगा.

हंडी उतरवून काला डावानं वाढला. सुबोधांच्या आईनं दही लावायला हंडी मागून नेली. सुबोधांनी मीटररूमची किल्ली माझ्या हातात ठेवली. अट एकच, पुढच्या वर्षी हंडी बाजारातून आणायची.

ताई, मला येतं गं! खरंच येतं!

माती मळायला ये, लोभ समोरासमोर वाढवू.

तुझी उत्तरा