तारांची टोपी

६ सप्टेंबर २०२१
परत पाठवलं! का, तर डोक्याला तेल होतं. अपेक्षानं फोनवर बजावलं होतं म्हणे — रूपाकाकू, केस धुऊन कोरडे या. पण चार माणसांत जायचं तर हात आपोआप तेलाच्या बाटलीकडे जातो, काय करू? कोरोनाच्या आधी याच पोरीनं डोक्याला तारांची टोपी घालून माझ्या मेंदूचा आलेख काढला होता. कान सतत वाजतात अशा लोकांवर तिचा अभ्यास आहे. आता बघायचंय, साथीनं आमच्या मेंदूत काय फरक पडला. बघ बाई. सगळ्यांनी ऑक्सिजन विचारला, माझ्या कानातली शिट्टी कुणी विचारली नाही.

८ सप्टेंबर
झालं एकदाचं. केसांत ती चिकट जेली, डोळे मिटून गप्प बसायचं. गप्प बसलं की शिट्टी जोर धरते — विहारात ध्यानाला सगळे निवांत होतात, मला शिक्षा! आज नेमकी मऊ होती. दाखवायच्या वेळी नाटकं.
नंतर प्रश्न. लॉकडाऊनमध्ये घरात कोण होतं? कुणी नाही, लिही म्हटलं. नवरा गेल्या वर्षी मार्चातच करमाडला त्यांच्या आईकडे गेला. कारण काय, तर "शेंद्र्याची कंपनी इकडून जवळ पडतीय." अजून तिकडेच आहेत इंद्रजीतराव! मी इथं एकटी मेले असते तर शेजाऱ्यांना वासावरून कळलं असतं. गुलमंडीतलं माझं फॉल-पिकोचं दुकान बंद, म्हणजे कान झाकायला मशीनची घरघरही नाही. सगळं येऊ दे त्या आलेखात. "कान नाय वाजत तुझे, डोस्कं वाजतंय" — किती वर्षं ऐकतेय. तो कागद मला त्यांच्या तोंडावर मारायचाय.

१५ ऑक्टोबर
इंद्रजीतराव परतले. दिवस बरा निवडला — धम्मचक्र प्रवर्तन दिन! विहारातून थेट टीव्हीसमोर. "काय गं, वाजतंय का अजून?" तेही शेजारच्या कडुबाभाऊंसमोर. दोघं हसले. मी चहा टाकला.

२ नोव्हेंबर
झोप नाही. शिट्टी फार चढलीय. पाहुणे आले की माझे कान हीच करमणूक. चहात साखर कमी पडली तरी — "तिला ऐकू आलं नसंल." मला सगळं ऐकू येतं. सगळंच.

१९ नोव्हेंबर
कागद मिळाला. अपेक्षा अवघडून बसली होती. "काकू, आमच्याकडच्या बहुतेकांचं वाढलंय. तुमचं उलटं आलंय."
कमी! आधीपेक्षा कमी! आवाजाला दहापैकी किती असं विचारलं तेव्हा पूर्वी मी सात म्हणाले होते, या वेळी तीन. तुझं मशीन बिघडलंय, मी ओरडलेच. ती म्हणाली, एका माणसावरून काही ठरत नसतं.
लपवायला हवा होता. इंद्रजीतरावांनी पर्समधून काढून वाचला. "बघ! मशीनला बी कळलं, नाटकं हायेत." मोरीत जाऊन रडले. नळ सोडून.

२३ नोव्हेंबर
अपेक्षाचा फोन. "काका आले का परत?" आले. "आता आवाज किती?" नऊ म्हटलं.
तिकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "काकू, टोपी घातली तेव्हा तुम्ही एकट्याच राहत होता ना?"
हो म्हटलं, आणि ते दिवस आठवले. वाटीभर भात लावायचा, हवा तेव्हा जेवायचं, खिडकी उघडी टाकून झोपायचं. कुणी हसत नव्हतं. मला बरं वाटत होतं! लोक मरत होते आणि मला बरं वाटत होतं — आणि माझा मलाच पत्ता नाही. वर मी त्या दिवसांना शिव्या घालत बसले.

२८ नोव्हेंबर
इंद्रजीतरावांची बॅग भरून दारात ठेवली. "मी कुठं चाललो?" म्हणाले. आईकडे, म्हटलं. हसले. मी नाही हसले. मग त्यांनी बॅगेकडे नीट बघितलं.