उद्यापासून येऊ नको

निपाणी, ता. ९ मे १९३९

तीर्थरूप सौ. आक्कास,
शि. सा. न. वि. वि. इकडे सर्व ठीक. नीलाला आठवा लागला. चिंच आणायला मी विसरलो की तुझ्याकडे तक्रार करीन म्हणते.

माझं मन मात्र ठिकाणावर नाही. तंबाखूचा भाव पडला, म्हणून मालकांनी वखारीतल्या निम्म्या बायका कमी करायला सांगितलंय. खोकणाऱ्या आधी. मुकादम मी, तेव्हा सांगायचंही मीच. त्यात गुणाबाई आहे. आई अंथरुणाला खिळली तेव्हा रोज येऊन तिला आंघोळ घालणारी. या वखारीच्या धुळीनंच तिची छाती गेली. कायद्यात काही आहे का, दाजींना विचार. शनिवारपर्यंत मुदत आहे.

लोभ आहेच, तो उणा होऊ देऊ नको.
तुझा गोपाळ

बेळगाव, ता. ११ मे

चि. गोपाळ यास अनेक आशीर्वाद.
लहानपणी मीठ आणायला जाऊन पतंग घेऊन यायचास, तसाच राहिलास. चिंच आधी आण.

तुझे दाजी कोर्टातून आल्यावर विचारलं. ते म्हणाले, महिन्याच्या पगारावरच्या माणसाला काढायचं तर महिनाभर आधी सांगावं लागतं, नाहीतर तेवढा पगार द्यावा लागतो. बायका रोजावर, त्यांची नोकरी रोज संध्याकाळी संपते. वखारीत यंत्र नाही, म्हणून कारखान्याचा कायदाही तिथं लागत नाही. हा कसला कायदा, असं मी म्हटलं.

मालकांपुढं शब्द टाकून बघ, पण वाद घालू नको. नीलाचे दिवस भरत आलेत.
तुझी आक्का, जया

निपाणी, ता. १५ मे

ती. आक्कास सा. न.
मला भांडता येत नाही, तुला ठाऊक आहे. एवढंच म्हणालो की या बायकांना निदान महिनाभर आधी सांगू या. मालकांनी वर न बघताच सांगितलं, मग उद्यापासून तूही येऊ नको.

खुंटीवर कोट होता, तो घ्यायचंही सुचलं नाही. घरी आलो. नीला भाकरी थापत होती. सांगितल्यावरही थापतच राहिली. दुसऱ्या वखारींत जाऊन आलो, पण माझ्याआधी बातमी पोचली होती.

रागावली असशील, तरी पत्र पाठव.
गोपाळ

बेळगाव, ता. १९ मे

चि. गोपाळ यास आशीर्वाद.
कुणी रागावलेलं नाही. यांनी तुझ्या मालकांना वकिलाची नोटीस धाडली आहे. तुझा महिन्याचा पगार त्यांना द्यावाच लागेल. लोंढ्याला यांच्या एका अशिलाची लाकडाची वखार आहे, तिथं तुझ्यासाठी शब्द टाकलाय. नीलाला बाळंतपणाला इकडेच आण. तू केलंस ते बरं केलंस. शेजारणींनाही मी तसंच सांगते.
जया

निपाणी, ता. २ जून

ती. सौ. आक्कास सा. न. वि. वि.
पगार मिळाला. लोंढ्याला जाईन. सोमवारी नीलाला घेऊन येतो. पण मी बरं केलं, असं कुणाला सांगू नको.

काल गुणाबाई आली होती. पाट दिला, तिनं घेतला नाही. खोकला थांबेपर्यंत दार धरून उभी राहिली. म्हणाली, मला तर जायाचंच हुतं, अण्णा. पर नव्या मुकादमानं माझ्या सुनंलाबी काढलं, शालूला. पोटुशी हाय म्हणून. तुमी आत असतासा तर ती ऱ्हायली असती.

खरंच आहे. चार शब्द बोलून मी मोकळा झालो, आणि त्या बायकांच्या पाठीशी उभं राहायला तिथं कुणीच उरलं नाही. माझ्यासाठी वकील होता, कायदा होता. शालूला त्या मुकादमानं नुसता हात करून फाटक दाखवलं.

नीला आतून ऐकत होती. तिनं घरामागच्या परड्यातली चार वांगी गुणाबाईच्या ओटीत घातली. गुणाबाईनं ती घेतली, नीलाच्या पोटावरून हात फिरवला आणि माझ्याकडं न बघता गेली.

दाजींना नमस्कार. तुम्हा दोघांची माया आहे, म्हणून अजून उभा आहे.
गोपाळ