धुळ्याच्या दवाखान्यातली ओळख

नाना, समोरच्या अक्का भेटल्या. एरंडोलला आपल्या दारासमोर ज्यांचं दार होतं, त्याच. तुम्ही हयात असतात आणि कुठे भेटल्या हे ऐकलं असतंत, तर त्याच दिवशी घर बदललं असतं. जळगावात एका शाळेच्या खोलीत दर रविवारी काही माणसं जमतात. कुणाचं मन आजारी असतं, कुणाच्या घरात तसं माणूस असतं. गोल करून बसतात, आपापलं बोलतात, चहा पितात आणि घरी जातात. मी तिथे जाते. तुमची मुलगी जाते, नाना, आणि गेल्या वर्षापासून जाते.

कशासाठी जाते तेही सांगून टाकते. काही घडलं नव्हतं. नवरा धड, मुलं धड, घर स्वतःचं. पण कणीक मळायला घेतली की परातीकडे बघत बसायचे. डोक्याला तेल लावायचं तर हात उचलत नव्हता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. म्हणाले, झोप लागेल, भूक लागेल, पण बोलायला माणसं तुम्हालाच शोधावी लागतील. शोधली की. नणंदेला सांगितलं, तर म्हणाली, 'वहिनी, रिकामं बसलं की असं होतं.' शेजारणीने पद्मालयाला पाठवलं. जाऊन आले, दर्शन छान झालं, घरी येऊन पुन्हा परातीसमोर बसले. शेवटी सरकारच्या फुकट नंबरावर फोन लावला. पलीकडच्या मुलीने मध्ये न बोलता सगळं ऐकून घेतलं, आणि तिनेच या रविवारच्या खोलीचा पत्ता दिला. माझं सगळं बोलणं कुणी ऐकून घेण्याची मला सवयच नव्हती. आपल्या घरात ती कुणाला होती?

पहिल्या रविवारी दारात पाय टाकला आणि बघते तर अक्का कपांत चहा ओतताहेत. केस पिकलेले, पण त्याच. मी तशीच मागे फिरले. आपल्या गल्लीतल्या माणसाने मला इथे पाहिलं, एवढंच डोक्यात. जिना अर्धा उतरले असेन, तर वरून आवाज आला, "पळू नको वं. तुना बाप बी असाच पळना व्हता." खाली येऊन त्यांनी माझा दंड धरला आणि वर नेऊन बसवलं. ती खोली त्याच चालवतात. स्वतः कित्येक वर्षं गोळ्या घेतात आणि सगळ्यांदेखत तसं सांगतात.

तुम्ही पळालात तो दिवस मला आठवतो. मी सातवीत. तुम्ही एसटीत कंडक्टर, कुठल्या गाडीला आपल्या गावचं कोण चढतं ते तुम्हाला पाठ. जळगाव जवळ, म्हणून ते नको. आईला गोळ्यांसाठी न्यायचं धुळ्याला, तेही आडवेळेच्या गाडीने. मला शाळा बुडवून बरोबर घेतलंत, तिचा हात धरायला. दवाखान्यात बाकावर बसलो आहोत. आईने पदर कपाळापर्यंत ओढलाय. तेवढ्यात दार ढकलून अक्का आणि त्यांचे यजमान आत येतात. मग तुम्ही म्हणता, "अरे भाऊ, इकडे कुठे? हिचं डोकं दुखतं, म्हटलं डोळे तपासून घेऊ." बाहेर मानसिक आजारांचा दवाखाना म्हणून ही एवढी मोठी पाटी, आणि तुम्ही डोळे तपासताय. ते तरी काय कमी? म्हणाले, "आम्ही बस्ता बांधायला आलतो, पाणी प्यायला आत शिरलो." त्यांच्या घरात लग्नाचं कुणी नव्हतं.

मग तुम्ही सगळेच बाहेर पडलात आणि समोर उभे राहून चहा प्यायलात. कापसावर बोललात, पाऊसपाण्यावर बोललात. आतून आईचं नाव पुकारलं, पार रस्त्यापर्यंत ऐकू आलं. तुम्ही कपातून मान वर काढली नाही. थोड्या वेळाने अक्कांचं नाव पुकारलं, त्यांचे यजमानही हलले नाहीत. आई अक्कांकडे बघत होती, अक्का आईकडे. मला तेव्हा कळलं नाही, पण त्या दोघींना कळलं होतं. परतीच्या गाडीत तुम्ही म्हणालात, "आता इथे पाय ठेवायचा नाही. बभ्रा झाला तर उद्या या पोरीला कोण करून घेणार?" म्हणजे माझ्यासाठी. आईच्या गोळ्या बंद झाल्या त्या माझ्या लग्नासाठी. हे ओझं तुम्ही माझ्या डोक्यावर ठेवलंत आणि निवांत तंबाखू मळत बसलात.

अक्कांच्या यजमानांनीही धुळं सोडलं, हे मला आता कळलं. पण ते अक्कांना घेऊन बऱ्हाणपूरला जायला लागले, दुसऱ्या राज्यात, तिथे कोण ओळखतंय. त्यांनी दवाखाना बदलला. तुम्ही दवाखानाच बंद केलात. दोघेही घाबरट, नाना, पण त्यांच्या घाबरण्यात बायको वाचली. आपल्याकडे आई मागच्या खोलीत गेली ती गेलीच. भिंतीशी बोलायची. पुढे तेही थांबलं, मग जेवण थांबलं, आणि एका साध्या तापात संपली. लोकांना तुम्ही टायफॉइड सांगितलात. तुमच्यासारखा माणूस टायफॉइड म्हणतोय म्हटल्यावर गल्लीने टायफॉइड मानला.

आपल्या घरातलं हे सगळं मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते अक्कांनी सांगितलं. धुळ्याहून आल्यावर दुसऱ्याच दिवशी त्या आपल्या दारात आल्या होत्या, शेवभाजीची वाटी घेऊन. तुम्ही उंबऱ्यात उभे राहून म्हणालात, ती मुक्ताईनगरला बहिणीकडे गेलीय. आणि आत आई खोकली. अक्कांनी ऐकलं, तुम्हीही ऐकलंत. वाटी हातातून घेतलीत आणि दार लावलंत. त्या पुन्हा आल्या, परत आल्या, दर वेळी मुक्ताईनगर. मी विचारलं, अक्का, एवढं काय बोलायचं होतं तुम्हाला? म्हणाल्या, "माले तिले इतलंच सांगनं व्हतं, मी बी त्याच गोया खास."

मी पण त्याच गोळ्या खाते. बस. मी आज जे ऐकायला गावभर फिरले, फोन लावले, ते आईच्या दारात चालत आलं होतं, आणि तुम्ही ते परत पाठवलंत. आजाराचा मला राग नाही. तुमच्या अज्ञानाचाही नाही, कारण तुम्ही अडाणी नव्हतात. दोघींचं दुखणं एक आहे हे तुम्हाला त्या बाकावरच कळलं होतं. तरी तुम्हाला आईपेक्षा उंबरा सांभाळावासा वाटला. याला मी माफी द्यावी असं कुणी म्हणालं, तर मी त्यांचं तोंडही बघणार नाही.

त्या खोलीत मी आजवर फक्त झोपेचं आणि भुकेचं बोलले आहे. घराचं निघालं की विषय बदलते. अक्का म्हणतात, ते बाहेर काढल्याशिवाय तू उठणार नाहीस, आणि त्यांचं खरं आहे. मी अजून परातीसमोर बसते. मला आईसारखं जायचं नाही, नाना. म्हणून ठरवलंय, या रविवारी तुमचं सगळं बोलायचं, चार लोकांत, अक्कांसमोर. आधी तुम्हाला सांगावं म्हणून हे लिहायला घेतलं.

रविवार होऊन गेला. पत्र अर्धंच राहिलं होतं, ते आता पुरं करते. माझी पाळी आली. अक्का शेजारीच होत्या. सगळी माणसं वाट बघत होती, तिथे कुणी घाई करत नाही. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "माझे वडील फार चांगले होते. आईसाठी त्यांनी काही कमी केलं नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. अक्कांनी डोलावली नाही. त्यांनी माझ्या पाठीवर नुसता हात ठेवला आणि पुढच्या बाईला बोलायला सांगितलं.

हे अक्कांना वाचायला द्यायचं मनात होतं, तेही धैर्य झालं नाही. अख्ख्या जळगावात खोटं बोलायची गरज नाही अशी माझ्यासाठी ती एकच खोली आहे, नाना, आणि मी तिथेही तुमची अब्रू राखून आले.