दुधावरची साय

घाटकोपर, ९ डिसेंबर १९८६

चि. उजूस,

ऑपरेशननंतर बाबांना तिखट बंद झालं, आणि मिळमिळीत जेवणाला ते हात लावेनात. फार खंगलेत. म्हणून मुलुंडच्या बाजारात तू चोरून भेटलीस तेव्हा सांगितलेली, तुझ्या पंजाबी सासूबाईंची कोंबडी काल केली. साय जमवायला आठवडा गेला. बाबांच्या रात्रीच्या दुधावरचीच काढून ठेवत होते. खोबऱ्याचं वाटप सोडून कोंबडीत साय घालायची, हे हाताला पटत नव्हतं.

बाबांनी दोनदा भात मागून घेतला. म्हणाले, "झकास झालीय गं. कुणी शिकवली?"

शेजारच्या विमलाताईंचं नाव ओठांवर होतं. पण खोटं बोलवेना. म्हटलं, "उजूनं."

तुझ्या लग्नानंतर तुझं नाव या घरात पहिल्यांदाच निघालं. त्यांनी उरलेल्या भातावर पाणी ओतून ताटातच हात धुतला. मी खरं सांगायला हवं होतं, की त्यांच्या पोटात आणखी चार घास जाऊ द्यायला हवे होते? दिवसभर हाच विचार करते आहे.

आज जेवणानंतर त्यांना दूध दिलं. त्यांनी चमच्यानं साय काढून बशीत ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "ही ठेव. लागेल तुला."

"कशाला?" मी मुद्दाम विचारलं.

ते नुसतं दूध पीत राहिले.

तुझं नाव त्यांच्या तोंडून आलं की हे पत्र टपालपेटीत टाकेन. तोवर साय जमवते.

तुझी,
आई